नाशिकहून समुद्रावर गरवायला: धातूचा स्पून निवडण्यापासून वापरण्यापर्यंत

त्र्यंबकजवळच्या डोंगरांत दोन नद्या उगम पावतात. गोदावरी पूर्वेला वळते आणि अख्खे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेची वाट धरते आणि अर्नाळा व दातिवरे यांच्यामधून अरबी समुद्रात शिरते. नाशिकमध्ये राहून खाऱ्या पाण्यात गरवायची हौस असेल, तर वैतरणेच्या मागे जायचे. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार आणि पुढे डहाणू, केळवे किंवा दातिवरे. घाटरस्ता धरून चार-पाच तासांचा प्रवास.

हा लेख अशा माणसासाठी आहे, ज्याने आजवर धरणाच्या काठी बसून कणकेच्या गोळीवर मासे धरले आहेत आणि आता पहिल्यांदाच हातात रॉड-रील घेऊन समुद्राच्या काठी उभे राहायचे आहे. त्याने सुरुवात धातूच्या स्पूनने, म्हणजे चमच्यासारख्या चमकत्या खोट्या आमिषाने करावी, असे माझे ठाम मत आहे. कोळंबीचे आमिष नाशिकहून नेता येत नाही, किनाऱ्यावर पहाटे मिळेलच असे नाही. स्पून डबीत पडून राहतो, सडत नाही, वाऱ्यात लांब जातो आणि चुकीच्या हातातही थोडेफार काम करतो. एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. आपल्या वाट्याला समुद्राचे दिवस वर्षातून सहा-आठ येतात. ते शिकण्यात घालवायचे नाहीत. शिकायचे सगळे नाशिकमध्ये, आणि तिकडे जाऊन फक्त वापरायचे.

स्पून पाण्यात काय करतो

दिसायला तो दांडा तुटलेला चमचाच. धातूचा लांबट पत्रा, एका बाजूने खोलगट, एका टोकाला लाईन बांधायला भोक, दुसऱ्या टोकाला गळ. अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल नावाच्या माणसाने १८५२ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. जेवताना हातातला चमचा तळ्यात पडला आणि माशाने त्यावर झडप घातली, अशी त्याची आख्यायिका सांगतात.

पाण्यातून ओढला की खोलगट बाजूला पाणी अडते, स्पून एका कुशीवर कलतो, पाणी निसटते, मग तो दुसऱ्या कुशीवर जातो. हा हेलकावा म्हणजेच स्पूनचा जीव. प्रत्येक हेलकाव्याला ऊन चमकून जाते, तारली किंवा मांदेलीच्या अंगावरून चमकावे तसे. शिवाय पाण्यात थरथर उठते. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी पार्श्वरेषा असते, तिच्यातून त्याला ही थरथर लांबून कळते. ओढणे थांबवले की स्पून भिरभिरत खाली जातो, जखमी मासा बुडावा तसा, आणि पुष्कळदा झडप तेव्हाच पडते.

यातून निवडीचे सगळे नियम निघतात. रुंद आणि पातळ पत्रा हळू ओढला तरी मोठे हेलकावे घेतो, सावकाश बुडतो, पण वाऱ्यात पानासारखा उडतो. अरुंद आणि जाड पत्रा दगडासारखा लांब जातो, भराभर बुडतो, मात्र त्याला जागे करायला वेगाने ओढावे लागते. खूप वेगाने ओढला तर कुठलाही स्पून हेलकावे सोडून गरगर फिरू लागतो. तेव्हा मासा तर येत नाहीच, लाईनलाही पीळ बसतो.

पहिले तीन स्पून

माझ्या पहिल्या फेरीत मी डबी भरून स्पून नेले होते. लाल, हिरवे, ठिपक्यांचे, आणि सगळे सात ते दहा ग्रॅमचे, कारण ते धरणावर चालत होते. केळव्याच्या वाऱ्यात त्यांतला एकही वीस मीटरच्या पुढे गेला नाही. मासे मात्र चाळीस मीटरवर पाणी फोडत होते. ती सकाळ मी अजून विसरलो नाही, आणि नव्या माणसाला रंगाच्या आधी वजन विचारायला सांगतो ते म्हणूनच.

पहिला स्पून २० ग्रॅमच्या आसपासचा, सात-आठ सेंटिमीटर लांब, मध्यम रुंद, चंदेरी. पृष्ठभाग गुळगुळीत असण्यापेक्षा ठोक्याचा घ्या. आपल्या तांबट आळीत मठारलेला हंडा पाहिला असेल, तर ठोक्याने काय होते ते सांगायला नको. गुळगुळीत भांडे एका बाजूने चमकते, मठारलेले भांडे कुठूनही पाहा, कुठला तरी ठोका चमकतच असतो. पाण्यातही तेच होते.

दुसरा २८ ते ३० ग्रॅमचा, अरुंद, जाड, चंदेरी किंवा पाठीवर निळी झाक असलेला. तो वाऱ्यासाठी, लांबच्या फेकीसाठी आणि खोल पाण्यासाठी.

तिसरा पुन्हा २० ग्रॅमचा, पण तांब्याच्या किंवा सोनेरी रंगाचा. पालघरच्या किनाऱ्यासाठी हा फार महत्त्वाचा आहे. खंबातच्या आखाताच्या बाजूला भरती-ओहोटीचा ओढा जोरदार, किनारा चिखलाळ, त्यामुळे पाणी बहुतेक दिवस गढूळ असते. गढूळ पाण्यात चांदी फटकन दिसेनाशी होते. तांबूस-सोनेरी चमक तिथे जास्त उठून दिसते, असा माझा आणि सोबत गरवणाऱ्यांचा अनुभव आहे. पाणी चहाच्या रंगाचे असेल आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून स्वतःचे पाय दिसत नसतील, तर मात्र कुठलाही स्पून घेऊन तास घालवू नका. त्या दिवशी स्थानिक माणसाकडून कोळंबी घ्या आणि आमिषावर बसा.

खारफुटीच्या मुळांत टाकायचा, गळावर तारेचे संरक्षण असलेला स्पूनही मिळतो. तो दुसऱ्या वर्षी घ्या.

दुकानात किंवा घरी पाकीट उघडल्यावर

किमतीपेक्षा चार गोष्टी पाहा. लाईन बांधायच्या भोकाच्या कडा बोटाने चाचपा, धार लागली तर बारीक कानशीने घासून घ्या. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलके ओढा, ते रुतले पाहिजे. घसरले तर गळ बोथट आहे. गळ आणि पत्रा जोडणारी कडी, किल्ल्यांच्या कडीसारखी असते ती, दोन नखांनी सहज उघडत असेल तर बदला. मोठा मासा पहिल्यांदा तीच उघडतो. आणि स्पून काट्यावर ठेवून खरे वजन बघा, पाकिटावर लिहिलेले आणि खरे यांत फरक सापडतो.

स्पूनवर बहुधा तीन तोंडांचा गळ, म्हणजे ट्रेबल, लावून येतो. मी तो काढून त्याच वजनाच्या जवळपासचा एकेरी गळ लावतो. माशाच्या तोंडातून तो लवकर सुटतो, खडकात कमी अडकतो आणि माणसाच्या हातात एकाच ठिकाणी रुततो. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. नवख्या माणसासाठी हे मी सक्तीचे मानतो. गळ बदलल्यावर स्पूनचा हेलकावा पुन्हा तपासा, कारण शेपटीकडचे वजन बदलले की चालही बदलते.

रॉड, रील आणि लाईन

इथे फार अडकू नका. आठ ते नऊ फुटांचा, १० ते ४० ग्रॅम फेकू शकणारा स्पिनिंग रॉड. ३००० किंवा ४००० मापाचे रील. त्यावर २० पौंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाईन, किमान दोनशे मीटर. पुढे ३० ते ४० पौंडांचा मोनो (साधी एकेरी नायलॉन दोरी) किंवा फ्लुरोकार्बनचा मीटरभर लीडर, म्हणजे लाईन आणि स्पून यांच्यामधला जाड तुकडा. ब्रेड आणि लीडर जोडायला डबल युनी गाठ शिका. एफजी गाठ अधिक सडपातळ होते, पण पहाटेच्या अंधारात थंड बोटांनी ती बांधता येईपर्यंत वेळ जातो.

लीडरच्या टोकाला बॉल-बेअरिंगचा छोटा स्विव्हल (गोल फिरणारा दुवा) आणि मजबूत स्नॅप (स्पून अडकवायची उघडझाक कडी). स्पूनला स्विव्हल हवाच, नाहीतर दोन तासांत लाईन पिळाने गुंतते. सुरमई, बराकुडा, वाकटी यांचे दात लीडर कापतात. ते मासे असतील अशा पाण्यात स्पूनच्या आधी वीतभर तारेचा तुकडा, म्हणजे ट्रेस, जोडा. रावस आणि जिताडा यांच्यासाठी तार लागत नाही, आणि नसली तर स्पून मोकळा डुलतो.

ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, ठरावीक ओढीला लाईन सुटू देणारा. तो अंदाजाने लावू नका. सामान तोलायचा हुकाचा काटा लाईनच्या टोकाला अडकवा, रॉड वाकवून धरा आणि सोबत्याला काटा ओढायला सांगा. २० पौंड म्हणजे साधारण नऊ किलो. त्याच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास, रीलमधून लाईन सुटू लागली पाहिजे. हे घरीच करा.

नाशिकमध्ये सराव

समुद्रावर जाणारे पुष्कळ जण हीच पायरी गाळतात, आणि मला सगळ्यात कळकळीने सांगायची आहे ती हीच.

आधी फेक. स्पूनचा गळ काढून टाका. शहराबाहेर एखादे मोकळे, माणसे-जनावरे नसलेले रान शोधा, वरून विजेच्या तारा जात नसल्याची खात्री करा. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, त्यामुळे तारेखाली रॉड उभाही करायचा नाही. चाळीस पावलांवर एक पोते टाका आणि त्यावर स्पून पाडायचा प्रयत्न करा. स्पून रॉडच्या टोकापासून अर्धा-पाऊण मीटर लोंबू द्या. तर्जनीने लाईन धरा, रीलची बेल (लाईन अडवणारी तारेची कमान) उघडा, मागे पाहा, मग रॉड डोक्यावरून पुढे आणा आणि तो साधारण घड्याळातल्या दहाच्या काट्यावर येताना बोट सोडा. जोर वरच्या हाताने ढकलण्यात जितका, तितकाच खालच्या हाताने रॉडचे बूड पोटाकडे ओढण्यात आहे. स्पून जमिनीवर पडायच्या क्षणभर आधी बोटाने स्पूलची, म्हणजे लाईन गुंडाळलेल्या चकरीची, कड दाबा. बेल हँडल फिरवून बंद करू नका, हाताने बंद करा आणि ढिली लाईन बोटाने ताणून घ्या. ब्रेडेड लाईनचे निम्मे गुंते इथे टळतात. अशा तीस फेकी रोज, आठवडाभर.

मग चाल. गंगापूर धरणाचा जलाशय असो, दारणा असो की मुकणे, काठावर उभे राहून स्वच्छ, उथळ पाण्यात गळाशिवायचा स्पून रॉडच्या टोकाखालून दोन मीटर इकडून तिकडे ओढत न्या. डोळ्यांनी बघा. एका वेगाला तो नुसता सरकतो. थोड्या जास्त वेगाला डुलू लागतो. आणखी वाढवला की गरगरतो. या दोन हद्दींच्या मधला पट्टा हाच त्याचा वेग. आता डोळे मिटा आणि तोच वेग रॉडमधून ओळखा. चांगला डुलणारा स्पून रॉडच्या टोकाला एकसारखी ठकठक देतो. समुद्राच्या गढूळ पाण्यात तुम्हाला स्पून दिसणार नाही, ही ठकठकच दिसणार आहे. ती हाताला ओळखीची झाली की अर्धे काम झाले. तिन्ही स्पूनची ठकठक वेगवेगळी असते, तिन्ही शिका.

तिसरा सराव बुडण्याचा. खोली माहीत असलेल्या जागी स्पून टाका आणि मनात मोजा, एक-हजार-एक, एक-हजार-दोन. लाईन ढिली पडली म्हणजे स्पून तळाला लागला. तीन मीटरला किती आकडे लागले ते वहीत लिहा. जाड स्पूनचा आकडा पातळच्या बराच खाली येईल. पुढे खाडीत तळ किती खोल आहे, हे याच मोजणीवरून कळते.

जलाशयांतली मासेमारी बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. गळ लावून गरवायचे असेल तर त्यांना विचारा. धरणाच्या भिंतीजवळ जाऊ नका. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे, तिकडे सरावासाठीसुद्धा रॉड नेऊ नये.

दिवस कसा निवडायचा

रविवार आहे म्हणून निघालो, असे समुद्रावर चालत नाही. आधी पंचांग उघडा.

कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊण्याने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पहाटे-सकाळी एकदा आणि बारा तासांनी थोडी उशिरा पुन्हा. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. हा मुंबईच्या आसपासचा अंदाज आहे, उत्तरेला डहाणूकडे भरती काहीशी उशिरा पोहोचते. निघण्यापूर्वी भरतीच्या तक्त्यात त्या ठिकाणची नेमकी वेळ पाहून घ्यायचीच.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. मुंबईजवळ अशा दिवसांत भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. एवढे पाणी सहा तासांत आत येऊन बाहेर जाते, तेव्हा तळाचा सगळा चिखल उठतो. अष्टमीच्या आसपास भांग असते. चढ-उतार कमी, ओढा मवाळ, पाणी त्यातल्या त्यात निवळलेले. स्पून ही डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशाला दाखवायची वस्तू आहे, म्हणून नवख्याने भांगेचे दिवस धरावेत.

आता वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, त्याचा उपयोग इथे होतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे तुमच्या पाठीवर येतात आणि स्पून फुकट दहा मीटर जास्त जातो. दुपारी खारे वारे तोंडावर येतात आणि तोच स्पून पायाशी पडतो.

सगळे एकत्र मांडून पाहा. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते. सूर्य उगवताना ओहोटी सुरू झालेली असते. खाडीतले पाणी बोय, कोळंबी, लहान मासे घेऊन बाहेर निघते आणि मोठे मासे मुखाशी वाट पाहत थांबतात. पाणी भांगेचे, वारा मतलई, उजेड तिरपा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अष्टमी किंवा नवमीला लागून सुट्टी आली, तर मी ती सहसा सोडत नाही. आदल्या संध्याकाळीच निघा आणि किनाऱ्याजवळ मुक्काम करा. रात्री दोनला उठून मोखाड्याचा घाट उतरणे आणि नंतर ओल्या खडकावर उभे राहणे, हे झोपेच्या डोळ्यांनी करू नये.

जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा किनाऱ्यावरून गरवणे नकोच. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. तो पुष्कळ माशांचा विणीचा काळ आहे, तेव्हा रॉडवाल्यानेही हात आखडता घ्यावा.

मोठी सुट्टी आणि लांबचा प्रवास जमत असेल, तर दापोली-गुहागरकडचे पाणी अधिक स्वच्छ मिळते. चंदेरी स्पूनचे खरे काम तिकडे दिसते.

कुठे उभे राहायचे

ओहोटी पूर्ण झालेली असताना एकदा नुसती चक्कर मारा, रॉडशिवाय. कुठे खड्डा आहे, कुठे खडकांची रांग, कुठून खाडीची खोल वाट जाते, हे तेव्हाच दिसते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. भरतीत हे सगळे पाण्याखाली जाते, पण मासे त्याच वाटांनी फिरतात.

मासा भर ओढ्यात उभा राहून ताकद घालवत नाही. तो वेगवान पाणी आणि संथ पाणी यांच्या सीमेवर, खडकाच्या आडोशाला थांबतो. पाण्यावर फेसाची किंवा कचऱ्याची रेघ दिसली तर तीच ती सीमा. तिथे फेकायचे.

किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना आधी नमस्कार करा आणि विचारा, "काका, इथे डोल लावलीये का कुठे?" डोल म्हणजे ओढ्यात रोवून ठेवलेले पिशवीसारखे जाळे. पाण्यावर तरंगणारे बोये दिसत असतील तर खाली जाळे आहे असे समजून त्या बाजूला फेकायचेच नाही. तुमचा हरवलेला स्पून शे-दोनशे रुपयांचा असतो, त्यांचे फाटलेले जाळे त्यांच्या आठवड्याच्या कमाईचे. एकदा ओळख झाली की पाणी कधी निवळते आणि जिताडा कुठल्या कोपऱ्यात फिरतो, हे तिथले काका-मावशी जितके नेमके सांगतात, तितके कुणी सांगत नाही. जाताना त्यांच्याकडूनच बाजार घ्या.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण प्रत्येक गोष्ट पाळायची. एकटे जाऊ नका. खडकावर हिरवे शेवाळ असेल तिथे पाय ठेवू नका, पकड असलेले बूट घाला आणि लाटेकडे पाठ करू नका. सपाट वाळूच्या किनाऱ्यावर भरती मागच्या खोलगट भागातून आधी शिरते आणि पुढे उभ्या माणसाला कळत नाही, म्हणून भरती सुरू व्हायची वेळ मोबाइलवर गजर लावून ठेवा. पाण्यात चालताना पाय उचलू नका, घासत न्या, म्हणजे वाळूत दबून बसलेले पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकते. चष्मा किंवा गॉगल आणि टोपी हवी. ढग गडगडले की रॉड आडवा ठेवून किनारा सोडायचा.

फेक आणि ओढ

ओढ्याच्या वरच्या बाजूला, तिरपी फेक टाका. स्पून पाण्यात पडला की लगेच गुंडाळू नका. मोजा. पहिल्या फेकीला तळ लागेपर्यंत मोजा आणि तो आकडा लक्षात ठेवा. समजा बारा आला. पुढच्या फेकीला चारवर गुंडाळायला सुरुवात करा, त्यापुढच्या दोन फेकींना आठवर आणि दहावर. असे पाण्याचे थर एकामागून एक चाळले जातात. ज्या आकड्यावर टोच येईल तोच धरून ठेवायचा.

गुंडाळण्याचा वेग साधारण सेकंदाला हँडलचा एक फेरा. ४००० मापाच्या बहुतेक रीलमध्ये एका फेऱ्याला सत्तर-ऐंशी सेंटिमीटर लाईन येते. पण ओढा स्पूनकडून तुमच्याकडे येत असेल तर तेवढ्या वेगाला ठकठक येणार नाही, वेग वाढवावा लागेल. ओढा उलट्या दिशेचा असेल तर कमी करावा लागेल. हँडलचे फेरे मोजण्यापेक्षा हाताला येणारी ठकठक ऐका. गंगापूरच्या काठावर शिकलात ते इथे कामी येते.

पाच-सहा फेरे झाले की क्षणभर थांबा. लाईन ताठ ठेवूनच रॉडचे टोक थोडे खाली न्या, म्हणजे स्पून भिरभिरत उतरेल. या वेळी लाईनकडे डोळे लावून ठेवा. ती अचानक ढिली पडली, बाजूला सरकली किंवा टिचकी मारल्यासारखी हलली, तर मासा आहे. नवखा माणूस इथे सगळ्यात जास्त मासे गमावतो, कारण त्याला मासा म्हणजे जोराचा हिसका असेच वाटत असते.

रावस मधल्या आणि वरच्या थरांत, फेसाच्या रेघेजवळ, मध्यम वेगाला येतो. जिताडा आळशी शिकारी आहे, खडक किंवा खांबाच्या आडोशाला बसतो. त्याच्यापुढून स्पून जेमतेम डुलेल इतका हळू न्या आणि त्याच्या नाकासमोर खाली पडू द्या. तांबोशी तळाशी, खडकांत. तिथे जाड स्पून तळाला टेकवून रॉडने हातभर उचला, पुन्हा पडू द्या, असे करत आणा. सुरमई किनाऱ्याजवळ क्वचित येते, आली तर तिला वेग हवा, हाताला कळ लागेपर्यंत. ती मागून येऊन परत फिरली असे दिसले तर वेग कमी करू नका, वाढवा. पळणारे भक्ष्य हळू होत नाही.

लागोपाठ पंधरा-वीस फेकींना काहीच नाही, तर आधी थर बदला, मग वेग, मग जागा, आणि शेवटी स्पून. बहुतेक जण उलट्या क्रमाने करतात आणि अर्धी सकाळ गाठी बांधण्यात घालवतात.

मासा लागल्यावर

टोच जाणवली तर रॉड मागे झटकू नका. गुंडाळत राहा. वजन आले, रॉड वाकला, की मग एकदाच ठामपणे उचला. धारदार एकेरी गळाला एवढे पुरते. मासा पळू लागला तर ड्रॅग आपले काम करील, हँडल धरून ठेवायचे, फिरवायचे नाही. त्या वेळी फिरवलेल्या प्रत्येक फेऱ्याने लाईनला पीळ बसतो. तो थांबला की रॉड उचला, खाली आणताना गुंडाळा. जिताडा पाण्याबाहेर उसळून डोके झटकतो. त्या वेळी रॉडचे टोक पाण्याकडे झुकवा, नाहीतर जड स्पून झोला घेऊन गळ उचकटतो.

माशाला काठावर आणताना लाटेचा उपयोग करा. येणाऱ्या लाटेबरोबर ओढा, परतणाऱ्या लाटेला फक्त धरून ठेवा. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, तिथे बोटे घालू नका, खालच्या ओठाला पकड लावा. शिंगाळा लागला तर त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांपासून हात लांब. काटा विषारी असतो. टोचल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवल्याने वेदना उतरते, आणि त्यानंतर डॉक्टरकडे जायचे. गळ हातात रुतला आणि त्याचा उलटा काटा दाबलेला असेल तर तो आला त्याच वाटेने निघतो. खोल गेला असेल किंवा डोळ्याजवळ असेल तर ओढाओढ न करता थेट दवाखाना गाठा.

राज्य सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्यापेक्षा लहान मासा आला तर हात ओले करून धरा, गळ काढा आणि पाण्यात सोडा. मोठा ठेवायचा तर एक-दोन पुरे, बाकीचे सोडा. बर्फाची पेटी गाडीत असू द्या, जव्हारच्या चढाला पोहोचेपर्यंत ऊन तापलेले असते.

परत आल्यावर

निघण्यापूर्वीच गाडीत पाच लिटर गोड्या पाण्याचा कॅन ठेवा. किनारा सोडताना स्पून, स्नॅप, रॉडच्या कड्या त्याच पाण्याने धुवा. घरी गेल्यावर बघू म्हटले तर मीठ चार-पाच तासांत आपले काम करून जाते. रीलवर पाण्याची जोरदार धार मारू नका, ड्रॅगची चकती घट्ट करून वरून हलके पाणी सोडा आणि पुसून सावलीत वाळवा. वाळल्यावर ड्रॅग ढिला करून ठेवा, आतले वॉशर दबून बसत नाहीत.

पितळ किंवा तांब्याच्या स्पूनला साधा पोलादी गळ असेल, तर खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना लागून पोलाद झपाट्याने गंजते. म्हणून मी गळ काढून वेगळे ठेवतो आणि पुढच्या वेळी निघताना लावतो. डबीत ओला स्पून ठेवू नका. एका गंजलेल्या गळाचा डाग शेजारच्या सगळ्यांना लागतो. तांब्याचा स्पून काळवंडला तर देवघरातली भांडी घासतो तशी चिंच आणि मीठ लावून घासा आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन कोरडा करा. चंदेरी मुलामा असलेल्या किंवा रंगवलेल्या स्पूनला मात्र चिंच लावू नका, मुलामा निघतो.

आणि वही काढा. तारीख, तिथी, भरतीची वेळ, पाण्याचा रंग, वारा, कुठला स्पून, कितव्या आकड्यावर टोच आली. मासा मिळाला नसेल तरी लिहा. तीन-चार फेऱ्यांनंतर त्या वहीतच पुढची अष्टमी कुठल्या खडकावर काढायची ते सापडते.